वाऱ्याची बाही

आमच्या गल्लीत अशी बोलवा होती की साखराबाई रोज उजाडता उजाडता संडासाच्या स्लॅबवर चढते आणि घराघराचा वास घेते. कुणाकडं रात्री मटण शिजलं, कुणाची डाळ करपली, श्रावणी सोमवारी कुणाच्या तव्यावर अंडं फुटलं, हे सगळं तिला वरच्यावर कळतं आणि दुपारपर्यंत ते साऱ्या मुदखेडला कळतं. ही बोलवा माझ्या टेलरिंगच्या दुकानातून निघाली असं काहीजण म्हणतात. मी म्हणतो, नळावरून निघाली. नळ काही बोलत नाही, म्हणून नाव माझ्यावर येतं.

यातलं खरं तेवढं सांगतो. साखराबाई वास घेते, हे खरं. पण आमच्या रश्श्यात तिला काडीचा रस नाही. ती हवेचा वास घेते, आणि घेते ते भीतीपोटी. आपण सकाळी उठून दात घासतो, तशी ती सकाळी उठून भिते. रोज, न चुकता. मग चहा.

तिची माझी भिंत एकच. साठीची बाई, अंगानं काटकी, कपाळावर मोठं गोंदण, आणि नाक असं की टेलर माणसाला ते पाहून पहिल्यांदा कात्री आठवते. मी तिला मावशी म्हणतो. ती मला बाल्या म्हणते; बाहेर पाटीवर 'बालाजी टेलर्स' लिहिलंय, तिला त्याचं काही नाही. घर पत्र्याचं, मागं एक संडास, त्याला तेवढा स्लॅब. त्या स्लॅबवर उभं राहिलं की आमची सगळी दुनिया दिसते. मावळतीला बर्फखाना, उगवतीला उतारावर तळं, आणि दक्षिणेला रेल्वेचा रूळ आणि त्याचं फाटक. रुळापलीकडं फुलांची शेतं. नवख्या माणसानं एवढं ध्यानात ठेवावं, पुढं कामाला येईल.

घरात दुसरा माणूस म्हणजे तिचा नवरा, व्यंकटीकाका. काका दिवसभर खाटेवर उशीला टेकून बसलेले. झोपले की दम लागतो, म्हणून रात्रीही बसूनच. दोन शब्द बोलायचे, मग थांबून श्वास गोळा करायचा, मग तिसरा. त्यांच्याशी गप्पा मारायच्या तर माणसाला फुरसत पाहिजे. पण माणूस मोठा खट. एकदा मी म्हटलं, “काका, लई कमी बोलायलात आजकाल.” काकांनी हात वर केला, दम घेतला, आणि म्हणाले, “तुझ्या वाटचं... वाचवून राहिलो.”

ही दोघं मूळची हदगावकडची. लग्न झालं त्या सालीच मुकादमाबरोबर समुद्राकाठी गेली, खाडीलगतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात. आमच्याकडं त्या पट्ट्याला नाव नाही. कोण कुठं गेला विचारलं की म्हणायचं, “केमिकलला गेला.” जसं कुणी तालुक्याला गेला म्हणावं. काका ठेकेदाराच्या माणसांत टाक्या साफ करायला. अर्धी जिंदगी तिथं गेली. लेक तिथंच झाली, ती लातूरला दिली. आणि एके दिवशी काका टाकीत उतरले ते दोरीनं वर ओढून काढावे लागले. तेव्हापासून छाती अशी. डॉक्टरनं सांगितलं, “दमट हवा सोडा, कोरड्या मुलखात न्या. आणि बाई, एक ध्यानात ठेवा. आता यांच्या छातीला एक झटका पुरे आहे.”

आता तुम्हीच सांगा, ज्या बाईला असं सांगून ठेवलंय ती सकाळी उठून दुसरं काय करेल?

मुदखेडला आल्यावर पहिल्या महिन्यातच ती माझ्या दुकानात आली. काखेत काकांचा जुना कंपनीचा ड्रेस, नारंगी रंगाचा, जाड, पाठीवर चमकणारी पट्टी.

“बाल्या, याची एक बाही शिवून दे.”

“एकच? दुसऱ्या हाताला काय झालं?”

“मस्करी नको. लांब शिव. एकीकडून तोंड मोठं, दुसरीकडून निमुळतं. मोठ्या तोंडात तार घालायची हाय, तिला पट्टी सोड.”

“पर हात कुणाचा, मावशी? माप तर पायजे.”

“वाऱ्याचा हाय. घे माप.”

मी तीस वर्षं कपडे शिवतोय. नवरीचे, पुढाऱ्याचे, तमाशाच्या राजाचे शिवले. वाऱ्याला बाही पहिल्यांदाच. मी मशीन चालवली आणि ती समोरच्या स्टुलावर बसून सांगत राहिली. कारखान्याच्या गेटावर अशी बाही उंच काठीला असायची म्हणे. तिच्या पोटात वारा भरला की शेपूट सांगायची, वारा कुठं चालला. शेपूट ज्या अंगाला, गॅस त्या अंगाला.

“तिथं वारं रोज कूस बदलतंय,” ती म्हणाली. “रातच्याला जमिनीवरून समुद्राकडं. ऊन चढलं की समुद्रावरून जमिनीकडं. आमची चाळ कंपन्या अन् खाडी यांच्या मधी. रातभर साऱ्या कंपन्यांचा घाण वास आमच्या अंगावर. फटीत चिंध्या कोंबून निजायचं. दिस वर आला की खाडीवरून गार झुळूक यायची. मग दारं उघडायची, पोरं भाईर सोडायची. दिवसा भोंगा वाजला तर सारी चाळ खाडीकडं पळायची. पाण्याकडून वारं येतंय म्हंजे तिकडची हवा साफ. पाय सवयीनं तिकडंच पळायचे. एकदा झोपंत पळाले, मोरीत जाऊन पडले.”

“अन् धुकं?” मी विचारलं. मी समुद्र फक्त कॅलेंडरवर बघितलेला.

“धुक्याचं नाव नको काढू. थंडीत धुकं बसलं की धूर वर जायचाच न्हाई. चिमणीतून निघायचा अन् आजारी माणसागत तिथंच अंग टाकायचा. दोरीवरच्या नायलॉनच्या साडीला बारीक बारीक भोकं पडायची, बिडीनं डागल्यावानी. अन् साडीला भोकं पडत्यात तर आतल्या फुफ्फुसाला काय पडत असंल, ते आम्ही बायका एकमेकीला विचारत न्हवतो.”

वासांचीही तिची मोजदाद होती. सडक्या अंड्याचा वास आला तर तोंड झाकायचं. डोळे चरचरले तर कपडा भिजवून नाकावर. आणि गोड वास आला, पिकल्या केळासारखा, तर हातातलं काम टाकून पळायचं.

“गोड वासाला का भ्यायचं?” माझी बायको उज्वला मधी पडली. ती काजं करायला बसली होती.

“कारण त्यो आवडतोय गं,” मावशी म्हणाली.

उज्वलानं त्या दिवशी काजं उलटी केली. मी हसलो, पण मलाही मानेवर गार वाटलं, हे लिहून ठेवतो.

बाही बांबूला लागली, बांबू स्लॅबवर उभा राहिला. लगेच गल्लीत दुसरी बोलवा: साखराबाईनं करणी केली. अमृतराव शेळीवाला दोन दिवस त्या बाजूनं शेळ्या नेईना. तिसऱ्या दिवशी ती स्वतः त्याच्या दारात गेली. “अमृतराव, ती वाऱ्याची बाही हाय. करणी करायची असती तर तुझ्या शेळ्यांवर कशाला, त्या टाकीच्या ठेकेदारावर केली असती.” तेव्हा कुठं शेळ्या सुटल्या.

नळावर ती बायकांना सांगायची, “आधी बाही बघायची. शेपूट जिकडं, तिकडं पळायचं न्हाई. आडवं पळायचं.” बायका “हाव, हाव” करून घागरी भरायच्या. इथं कशाला पळायची वेळ येतेय? इथं काय कारखाने आहेत? एक बर्फखाना, तो पण उन्हाळ्यापुरता. लग्नाला, रसवंतीला, हैदराबादकडं जाणाऱ्या फुलांच्या पेट्यांना लागतो तेवढा बर्फ करायचा. पण मावशी बर्फखान्याकडं बोट करून म्हणायची, “बर्फ पाण्याचा होतोय, पर गार करणारा गॅस येगळा हाय. अमोनिया. तिथं आमच्याकडं मच्छीच्या गोदामात त्योच व्हता.”

मी तिला नाव ठेवलं होतं ‘आकाशवाणी’. सकाळी दुकानाचं शटर वर करताना ओरडायचो, “आकाशवाणी, आजचं हवामान?” ती वरून म्हणायची, “धूर निजलाय. काकांच्या खिडकीला चिंधी लावून आले.” किंवा, “आज बरं हाय. देगलूरकडचं वारं हाय.” एखाद्या दिवशी नुसतीच, “बाल्या, तुझी इस्त्री करपली.” आणि खरंच करपलेली असायची.

आता एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मागच्या पावसाळ्यानंतर डासांचा धूर मारणारी गाडी आमच्या गल्लीत आली. फट्‌फट्‌ आवाज, पांढरे लोट. आम्ही पोरांसारखे मागं पळतोय, आणि इकडं मावशीनं काकांना नागसेनच्या ऑटोत घातलं. नागसेन म्हणजे समोरच्या घरातला ऑटोवाला. तोंडानं गोड, मीटरनं कडू, पण हाकेला धावणारा. “नागसेन, तळ्याकडं घे! पळव!” तो पळवत घेऊन गेला. अर्ध्या तासानं परत आले. काका तळ्याच्या हवेनं गारठलेले, दात वाजवत होते.

मी म्हटलं, “मावशी, डास मेले का न्हाई माहीत न्हाई, पर काका गारठून मेले असते.”

“हस, हस.”

“अन् तळ्याकडंच का? बाही तर तळ्याकडंच शेपूट करून बसली होती.”

तिनं काकांच्या अंगावर गोधडी टाकली. मग म्हणाली, “पाण्यावरची हवा साफ असती.” आणि आत गेली. मी तो किस्सा महिनाभर वापरला. कुणी पँट शिवायला आला की आधी किस्सा, मग माप.

तर यंदाची गोष्ट. शिवरात्र होऊन गेलेली. दिवसा ऊन चटका देऊ लागलेलं, पण सकाळी अजून शाल लागत होती. बर्फखान्यात उन्हाळ्याची तयारी चालू होती. पाइप ठोकल्याचे, वेल्डिंगचे आवाज दोन दिवस येत होते. सकाळी नळाला पाणी आलं. साऱ्या बायका नळावर, उज्वला पण. मी दुकानाच्या पायरीवर चहाची बशी घेऊन. सगळ्या चुलींचा धूर छपरांच्या वर एका पातळीत पसरून थांबला होता. मावशीच्या भाषेत धूर निजला होता. मावशी स्लॅबवर.

मी ओरडणारच होतो, “आकाशवाणी...” तेवढ्यात बर्फखान्याकडून दणका आला. फार मोठा नाही. कुणी पत्र्यावर गोणी टाकावी तसा. मागून एक शिट्टीसारखा आवाज, तो थांबेचना.

मावशी ओरडली. मी तिला रागावताना ऐकलंय, शिव्या देताना ऐकलंय, हे ओरडणं वेगळं होतं. “अमोनिया! अगं बायांनो, अमोनिया! कपडे भिजवा! नाकाला लावा! पळा!”

आणि सांगायला लाज वाटते, नळावरच्या बायका हसल्या. एकजण म्हणाली, “आली डासांची गाडी.”

ते हसू पुरं व्हायच्या आत वास आला. सार्वजनिक मुतारी, तीही उन्हाळ्यातली, कुणी तोंडावर दाबून धरावी तसा. डोळ्यांत मिरची पडली. घशाला कुणी आतून चिमटा घेतला. माझी बशी कुठं पडली मला आठवत नाही. बर्फखान्याच्या भिंतीवरून पांढरं काहीतरी उतरत होतं. वर जात नव्हतं. सांडलेलं दूध ओट्यावरून उतरावं तसं ते भिंतीवरून खाली आलं, आणि जमिनीला धरून गल्लीकडं सरकू लागलं. त्याला घाई नव्हती. मला त्याची तीच भीती वाटली.

मग घागरी पडल्या. पदर नळाखाली, टॉवेल नळाखाली. मावशी शिडीवरून कशी उतरली देव जाणे. “नागसेन! बाबा नागसेन! ऑटो काढ!” नागसेन बनियनवरच आला, ऑटो दारात लावला. मी आणि तो आत गेलो, काकांना खाटेवरून उचललं. नुसत्या हाडांचा माणूस, पण श्वास अडकलेला माणूस जड असतो. त्यांचे डोळे मोठे झाले होते आणि हात माझ्या शर्टाची कॉलर सोडत नव्हता. मावशीनं ओला टॉवेल त्यांच्या तोंडावर धरला, छातीचा फवारा कमरेला खोचला आणि ऑटोत चढली.

“तळ्याकडं! नागसेन, तळ्याकडं घे!” मग बाहेर तोंड काढून साऱ्या गल्लीला: “पाण्याकडं चला गं! पाण्याकडं!”

आणि जी गल्ली जन्मात तिचं ऐकत नव्हती ती त्या दिवशी ऐकायला लागली. ज्या बायका मघाशी हसल्या होत्या त्या लेकरं काखेला मारून उगवतीच्या उताराला लागल्या. उज्वला पण. मी ऑटोची मागची दांडी धरून पळत होतो. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. मागं वळून बघितलं ते पांढरं कुठवर आलं म्हणून, आणि नजर गेली बांबूवर.

मी काय शहाणपणानं बघितलं नाही. टेलरला खोड असते. आपण शिवलेली वस्तू दिसली की आधी शिलाई कुठं उसवली का ते बघायचं. तर शिलाई शाबूत होती. बाहीच्या पोटात थोडा वारा भरलेला होता, आणि तिची शेपूट सरळ तळ्याकडं.

“मावशी!” माझा घसा चिरत होता. “मावशी, बाही! तळ्याकडं हाय शेपूट! वारं तळ्याकडं चाललंय!”

तिनं मान बाहेर काढून वर बघितलं. मी तो चेहरा विसरणार नाही. तोंडावर ओला पदर, वर नुसते डोळे. त्या डोळ्यांत आधी काहीच नव्हतं, झोपेतून उठवलेल्या माणसासारखे. मग तिनं तळ्याकडं बघितलं, मग परत बाहीकडं, आणि पदरातूनच म्हणाली, “अगं बाई. हितं समुद्र न्हाई.”

एवढंच. मग तिचा हात नागसेनच्या खांद्यावर असा बसला की ऑटो जागेवर थांबला. “माघारी! रुळाकडं! आडवं घे, आडवं!” ती अर्धी बाहेर आली आणि ओरडू लागली. “पाण्याकडं नका जाऊ! चुकलं माझं! रुळाकडं या! फाटकाकडं! अगं ए उज्वला, वळ! वळ माघारी!”

उताराला लागलेल्या बायका थांबल्या. एकदा एक सांगते, एकदा दुसरं सांगते, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी पुढं पळालो आणि एकेकीच्या हाताला धरून वळवलं. कुणाला शिवी दिली, कुणाला ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नाही. आम्ही सगळे आडवे, दक्षिणेकडच्या बोळातून, रुळाकडं.

बोळ संपला आणि फाटक बंद.

मालगाडी येत होती. फाटकवाला केबिनच्या दारात उभा, त्याच्या पण डोळ्यांतून पाणी. नागसेन हात जोडून म्हणाला, “साहेब, पेशंट हाय, खोला.”

“गाडीला सिग्नल दिलाय. आता खोललं तर तुम्हीच मरताल,” तो म्हणाला. आणि ते खरंच होतं, कारण रूळ थरथरायला लागले होते.

बायका लेकरं घेऊन फाटकाशी दाटल्या. ऑटोत काकांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि प्रत्येक शिट्टी आधीपेक्षा बारीक. मावशीनं फवारा दिला. एकदा, परत एकदा. टॉवेल पिळून पुन्हा ओला करायला पाणी नव्हतं. नागसेननं स्वतःची पिण्याची बाटली त्यावर ओतली. ओठ निळे पडत होते. मावशीची नजर मात्र काकांवर नव्हती. ती मागं, घरांच्या वर बघत होती. तिथून अजून बाही दिसत होती, छपरांवर एक नारंगी ठिपका.

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या बाहीची शेपूट खाली पडली. वारा बंद झाला. बाही बांबूला लोंबकळली, धुवून वाळत टाकल्यासारखी.

“आता काय?” मी विचारलं. “वारं थांबलं म्हंजे बरं ना?”

“वारं थांबलं की ते बी थांबतंय,” ती म्हणाली. “जिथं हाय तिथं पसरत राहतंय. चारी बाजूंनी.” तिनं माझा हात धरला. तिची बोटं बर्फासारखी होती. “बाल्या, मला काय बी सुचंना. तू बोल कायतरी.”

मी. ज्याला गप्प बसवायला लोक पैसे देतील. माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

बोळाच्या तोंडाशी ते पांढरं दिसलं, घोट्याएवढं उंच. मग मालगाडी आली. धडधड, धडधड, काळे डबे, संपेचनात. बायकांनी लेकरांचे कान नाही, नाकं दाबली होती. गाडीच्या मागं तिनं ओढलेली हवा आमच्या अंगावरून गेली, धूळ, डिझेल, गरम लोखंड. इतकी घाण हवा मी इतक्या आवडीनं कधी ओढली नव्हती. शेवटचा डबा गेला, फाटक वर जायला लागलं, ते पुरतं वर जायच्या आत नागसेननं ऑटो खालून काढला. आम्ही सगळे मागं.

पलीकडं झेंडूची शेतं. बांधावर ऑटो थांबला. मावशी खाली उतरली, आणि काकांकडं बघायच्या आधी तिनं बोट तोंडात घालून ओलं केलं आणि वर धरलं. मग मान हलवली. मग काकांच्या तोंडावरचा टॉवेल काढला. काकांनी एक श्वास घेतला. थांबले. आम्ही सगळे थांबलो. मग दुसरा घेतला. उज्वला बांधावर मट्‌कन बसली आणि रडायला लागली, आणि मग सगळ्याच.

तिथून नागसेननं ऑटो थेट नांदेडच्या दवाखान्यात नेला. काका बरेच दिवस तिथं नळ्या लावून होते. गल्लीतल्या बऱ्याच जणांचे डोळे सुजले, दोघी-तिघींना उलट्या झाल्या, माझा आवाज आठवडाभर फाटका होता. माणूस कुणी गेलं नाही. पण संध्याकाळी अमृतराव तळ्याकडं शेळ्या बघायला गेला. सकाळी सोडलेल्या शेळ्या खळग्यात, पाण्याच्या काठाला पडलेल्या होत्या. तोंडं पाण्याकडं. आम्ही काही जण ते बघून आलो. ज्या जागी शेळ्या होत्या, तिथंच आम्ही निघालो होतो.

बर्फखान्याला चौकशीची पाटी आणि कुलूप लागलं. कोण म्हणतं पाइप जुना होता, कोण म्हणतं वेल्डिंग कच्चं होतं. मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं की आता सकाळी शटर उघडताना माझा हात कुलपावर आणि नजर वर बांबूवर असते. उज्वला म्हणते, “चावी खाली हाय, वर न्हाई.” पण नळावरून येताना ती पण वर बघते, मी बघितलंय. भीती अशी आहे, एकदा घरात आली की भाडं न देता राहते. रात्री गाडीची शिट्टी झाली तरी मी आता उठून बसतो, आणि नाकानं हवा ओढून बघतो. शेजारचं नाक मलाही चिकटलं.

काका परत आले. आता दोन नाही, एकच शब्द, मग थांबायचं. पण आहेत. उशीला टेकून बसलेले. मी भेटायला गेलो तर हात वर केला, बराच वेळ दम गोळा केला आणि म्हणाले, “शिलाई...” मग थांबले. “...पक्की.” एवढी मोठी शाबासकी मला मुदखेडच्या कुठल्या नवऱ्या मुलानं दिली नाही.

दवाखान्यातून आल्यावर मावशी आठ-दहा दिवस कुणाशी धड बोलली नव्हती. नळावर यायची, घागर भरायची, जायची. मला उज्वलानं सांगितलं, ती एकदा हळूच म्हणाली होती, “मी त्यांना खाडीकडं घेऊन निघाले होते गं. माझ्याच हातानं.” हे ऐकून मी ठरवलं, आपण हिला पुन्हा हसवायचं. तिला वाटतंय तेवढं तिचं चुकलेलं नाही, हे मला तोंडावर सांगता येत नाही. मला फक्त चिडवता येतं.

म्हणून परवा सकाळी मी मुद्दाम भिंतीशी गेलो. हातात बिडी. ती वर स्लॅबवर, नाक मावळतीकडं. धूर छपरांवर निजलेला. मी खालून ओरडलो, “आकाशवाणी! आता कशाला वर चढायलीस? बर्फखाना तर बंद झाला. आता काय वास घेऊन राहिलीस, अमृतरावाची भाजी?”

ती बाहीकडं बघत होती. मग खाली न बघता म्हणाली:

“बर्फखाना बंद झालाय बाल्या, वारं न्हाई. अन् बाजूला सरक, तुझी बिडी काकांच्या खिडकीकडं जाऊन राहिली.”